तांबी आणि खांद्यातली कळ

संपादकांचा फोन आला. "सिस्टर, नोकरीतल्या चार गमतीदार आठवणी द्या, दिवाळी आहे." गमती आहेत, नाहीत असं नाही. एक शेतकरी दादा उपकेंद्रात येऊन खाली मान घालून बसला होता. बोलेचना. चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं, मग हळूच म्हणाला, "बाई, मंडळीला तांबी बसवली तुमी. वळवाचं आभाळ आलं की ती रानात असती. तांब्यावर ईज पडंल का वं?" दुसरी एक बाई मुठीत काहीतरी घट्ट धरून आली. उसनी वाटी परत करावी तशी तांबी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "पडली आपोआप. तुमची वस्तू तुमच्याजवळ राहू द्या." अशा पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की हात तिकडं जात नाही. मला नोकरीतली भीतीच जास्त आठवते, आणि त्यातही एका दुपारची.

तांबी म्हणजे कॉपर-टी. प्लास्टिकची बारीक काडी, वरती दोन हात, अंगाला तांब्याची तार गुंडाळलेली आणि खाली दोरा. गर्भपिशवीत बसवली की काही वर्षं दिवस राहत नाहीत. बायकांना तिची भारी धास्ती. ती चढत चढत काळजाला लागते, आतल्या आत गंजते, नवऱ्याला टोचते, असं काय काय बोलायचे. या सगळ्याला माझ्याकडं उत्तर होतं. मी तोंडाची फटकळ आहे, भांडून समजावायची. माझी स्वतःची भीती मात्र वेगळी होती, आणि ती खोटी नव्हती.

बाहेरच्या माणसाला कळेल असं सांगते. पिशवीला दोन बाजूंना दोन नळ्या असतात. गर्भ धरतो तो नळीत, आणि मग उतरून पिशवीत येऊन रुजतो. कधी कधी तो उतरतच नाही, नळीतच रुजतो. नळी केवढी, तर सुतळीएवढी. तिच्यात गर्भ वाढायला लागला की ती फुटते आणि रक्त पोटात साचतं. बाहेर दिसतं ते एवढंसं, काळपट डाग. बाई आतून रिकामी होत असते आणि घरच्यांना वाटतं, पोट दुखतंय तर ओवा द्या.

आता तांबीचं. तांबीमुळं मुळात दिवसच सहसा जात नाहीत, म्हणून नळीतला गर्भही, काहीच न वापरणाऱ्या बाईपेक्षा तांबीवालीला कमीच होतो. हे वाक्य दोनदा वाचा, नाहीतर उद्या तांबी काढायला रांग लागायची आणि शिव्या मला. पण एखादीला तांबी असूनही दिवस गेलेच, तर ते नळीत गेलेले असण्याची शक्यता एरवीपेक्षा पुष्कळ जास्त. आमच्या प्रशिक्षणाला ज्या डॉक्टरीणबाई होत्या, त्या बोट नाचवून सांगायच्या, "तांबीवालीची पाळी चुकली की नळीतच आहे असं धरून पळत सुटा. चुकलात तर मी हसणार नाही. नाही पळालात तर मात्र तोंड दाखवू नका." ते बोट माझ्या डोळ्यांपुढून कधी हललं नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. कचेऱ्यांवर रंग ओला होता, साहेब लोक भाड्याच्या खोल्यांत बसत होते आणि कुठला कागद उस्मानाबादला जायचा, कुठला लातूरला, हे त्यांनाच कळत नव्हतं. त्यातच पावसानं दडी मारली. माझं उपकेंद्र औशाच्या पलीकडं एका गावात होतं. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. विहिरी तळाला गेलेल्या. लातूरहून पाण्याचा टँकर यायचा, तो गावच्या विहिरीत ओतायचे आणि मग बायका शेंदून घ्यायच्या. निम्मं गाव रोजगार हमीच्या पाझर तलावावर माती वाहायला होतं.

आणि हाच तो दुष्काळ मला घाबरवायचा. नळी फुटल्याची लक्षणं कुठली? चक्कर, पोटात कळ, अंग पांढरं पडणं, खांदा दुखणं. खांदा अशासाठी, की पोटातलं रक्त वर छातीच्या पडद्याला लागतं आणि कळ खांद्यात निघते. आता मला सांगा, त्या वर्षी कुणाला चक्कर येत नव्हती? उपाशी पोटी उन्हात राबणाऱ्या प्रत्येकीला यायची. डोक्यावर टोपली, कमरेवर घागर, खांदा कुणाचा दुखत नव्हता? शंभर जणींत ती एक कशी ओळखावी, याच काळजीत मी असायची.

चंद्रकला माझ्याकडं आली ती धाकट्या मुलीला पाजायचं बंद केल्यावर. दोन मुली, नवरा उसाच्या टोळीबरोबर बाहेर गेलेला, चार-दोन महिन्यांनी यायचा. घरात ती आणि तिची सासू सोजरबाई. सोजरबाईंना नातू पाहिजे होता आणि त्या ते विहिरीवर, देवळात, दळणाला, सगळीकडं बोलायच्या. चंद्रकला म्हणाली, "बाई, लेकरू कुठं ठिवू? कामावर टोपलं उचलू का पोट उचलू? एवढा दुष्काळ जाऊ द्या. तांबी बसवा, पण आत्याबाईला कळू देऊ नका. कळलं तर मला माहेराला घालवतील." मी बसवली. बाईनं सांगू नका म्हटलं तर मी सांगत नसे. निघताना बजावलं, "पाळी चुकली, पुढं-मागं झाली, पोटात दुखलं, तर ओवा खात बसायचं नाही. इकडं यायचं." ती हसून "हाव, बाई" म्हणाली.

त्या दिवशी मी तलावाच्या कामावर गोळ्या वाटायला गेले होते. तिच्या टोळीत पारूबाई म्हणून एक तोंडाळ बाई होती, तिला विचारलं, चंद्रकला दिसत नाही? पारूबाई माती झटकत म्हणाली, "बाहेरची झाली ना ती. लई लांबली व्हती ह्या खेपेला. आता आली तं थांबंच ना. गोठ्यात बसून हाय."

"कधीपासनं?"

"झाले की कैक रोज. सोजरमावशीचं सोवळं तुमाला ठाव हाय. सकाळी मी भाकर द्यायला गेले, तर म्हणती खांदा लई दुखू राहिला. म्हणलं, इथं आमी माती वाहतोय अन् बसल्या जाग्यावर तुझा खांदा दुखतोय काय गं?"

बायका हसल्या. मी गोळ्यांची पिशवी पारूबाईच्या हातात कोंबली. पाळी लांबली, मग थोडं थोडं जातंय ते थांबत नाही, आणि कित्येक दिवस काहीही न उचलता खांदा दुखतोय. पारूबाईनं चेष्टेत जे विचारलं, त्याचं उत्तर त्या माळावर मला एकटीलाच ठाऊक होतं. मग मी पळाले. बायकांनी मला नावं ठेवली असतील, ठेवू द्या.

आमच्या भागात तेव्हा बाजूला बसायची रीत कडक होती. पाळी आलेल्या बाईनं घरात वावरायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही, आणि घरच्यांनी तिला शिवायचं नाही. सोजरबाईंच्या घरी जनावरं छावणीला गेलेली, गोठा रिकामा, म्हणून सून गोठ्यात. तिचं अंग गार पडलंय का गरम आहे, हे बघायला तिला हात कोण लावणार? आणि मला तरी त्या घरात कुठं मुभा होती? मी बौद्ध. सोजरबाई माझ्याशी गोड बोलायच्या, पण ओसरीच्या पुढं मला कधी बोलावलं नव्हतं. गोठ्याला वाट घरातूनच होती. मी ओसरीवर उभी राहून म्हटलं, "मावशी, चंद्रकलेला बघायचंय."

"बाहेरची हाय ती. पाचव्या दिशी न्हाऊन येईल तुमच्याकडं."

"पाचवा दिवस कधीच होऊन गेला, मावशी."

मी आत शिरले. त्या मागून "अवं बाई, अवं बाई" करत आल्या, स्वयंपाकघरातून गेले तेव्हा त्यांचा श्वास मला ऐकू आला. पण मला थांबवायला त्यांना मला शिवावं लागलं असतं, आणि ते त्यांच्यानं होईना.

चंद्रकला गोणपाटावर पाय पोटाशी घेऊन पडली होती. ओठ पिठासारखे. पापणी उलटून पाहिली तर आत लाली नाहीच. नाडी बारीक आणि अशी पळत होती की बोटाखाली सापडेना. पोटाला नुसता हात टेकवला तर कळवळली. मला वाटलं, ही माझ्या हातात जाणार. खोटं कशाला सांगू, तिथून उठून पळून जावं असंही वाटलं. मी तिच्या कानाशी गेले. "चंद्रकला, तुला दिवस गेलेत. नळीत गेलेत. लातूरला न्यावं लागेल, आत्ता." तिनं माझं मनगट धरलं. बोटं गार. म्हणाली, "बाई, तांबीचं सांगू नका."

दारात सोजरबाई उभ्या होत्या. अर्धवट सांगून त्यांना पटलं नसतं, म्हणून शब्द मोडून मी त्यांच्याकडं बघून मोठ्यानं सगळं सांगितलं. तांबी मी बसवली, तिनं मागितली म्हणून. ती बाहेरची नाही. हे पाळीचं रक्त नाही. आत नळी फुटलीय आणि नेलं नाही तर संध्याकाळ दिसायची नाही. चंद्रकलेनं डोळे मिटून घेतले.

"कुणाला इचारून?" सोजरबाई म्हणाल्या.

"ते नंतर भांडू. आधी पाय धरा तिचे."

त्या हलल्या नाहीत. मी ओरडले, आणि माझं ओरडणं बरं नसतं, "मावशी, नातू पाहिजे ना? मग आधी सून ठेवा!" तेव्हा कुठं त्या खाली वाकल्या.

एसटी निघून गेलेली. आरोग्य केंद्राची जीप लातूरला शिबिराला. गावात चाकं होती ती एकच, टँकरची. तो नुकताच येऊन विहिरीशी लागला होता. इस्माईलभाई त्याचा ड्रायव्हर, लातूरचा, मोठा मवाळ माणूस. तो पाइप लावायच्या बेतात होता आणि भोवती घागरींची रांग. आम्ही चंद्रकलेला बाजेवर घालून आणलेलं बघून तो थबकला. मी म्हटलं, लातूर, लगेच.

"बाई, पानी उतारे बिगर कैसा जाऊं? आधा घंटा तो लगताच."

अर्धा तास तिच्याजवळ नव्हता. पाणी जमिनीवर सोडून दे म्हणायला माझी जीभ रेटेना, त्या पाण्यासाठी बायका पहाटेपासून बसलेल्या. तेवढ्यात रांगेतून कुणीतरी म्हणालं, "ती तर बाहेरची हाय. टँकरला कशी बसवता? समदं पाणी बाटंल." एकीनं म्हटलं की दुसरी म्हणते. दोघी-तिघी टँकरच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मी त्या बायांना समजावत होते, नळी, गर्भ, रक्त, कुणाच्या कानात काही शिरत नव्हतं. बाजेवर चंद्रकला मान टाकायला लागली. ती मरतेय, आणि मी गर्दीला शरीररचना शिकवतेय.

सोजरबाई पुढं आल्या. सगळ्या गावात सोवळ्याला त्यांच्याइतकं कडक कुणी नव्हतं. त्यांनी बायकांसमोर सुनेच्या काखेत हात घातले, उचलून छातीशी घेतलं आणि म्हणाल्या, "बाहेरची न्हाई ती. मी शिवले. आता मला अडवा." दाराशी उभ्या बायका बाजूला झाल्या. एकीनं आपली रिकामी घागर उचलून कमरेवर घेतली आणि म्हणाली, "जाऊ द्या टँकर. पाणी उद्या भरू."

तो भरलेला टँकर घेऊन आम्ही निघालो. पुढं इस्माईलभाई, शेजारी आम्ही दोघी, आमच्या मांड्यांवर चंद्रकला, पाय मी वर धरलेले. रस्ता म्हणजे खड्डेच. गाडी आदळली की मागं पाणी धाडकन आपटायचं. रक्त गेलेल्या माणसाला तहान लागते, फार लागते. चंद्रकला म्हणायला लागली, "पाणी." पुढं ऑपरेशन होतं, पाणी देता येत नव्हतं. मी पदराचं टोक ओलं करून तिच्या ओठांना लावत होते. पाठीमागं एवढं गावभर पाणी हिंदकळतंय, आणि ती घोटभर मागतेय. सोजरबाई मला म्हणाल्या, "बाई, दुश्मनालाबी पाणी देत्यात." मी म्हटलं, "दिलं तर भूल देता येणार नाही, मावशी." इस्माईलभाई तोंडातल्या तोंडात दुआ म्हणत होता. औशाच्या पुढं तिनं पाणी मागायचं बंद केलं, तेव्हा मी जास्त घाबरले. नाडी धरून बसले आणि तिच्याशी बोलत राहिले, शिव्यासुद्धा दिल्या, मुलींची नावं घेतली. लातूरची पहिली घरं दिसली तेव्हा नाडी चालू होती एवढंच सांगते.

दवाखान्यात पोचताच मी दारातूनच ओरडले, "तांबीवाली, नळी फुटली!" पुढचं सांगावं लागलं नाही. बाटली लागली, रक्त आणायला माणूस पळाला, तिला आत नेलं. आम्ही दोघी बाहेरच्या बाकड्यावर. सोजरबाईंच्या लुगड्याला सुनेचं रक्त लागलं होतं. मी बाकड्याच्या एका टोकाला, त्या दुसऱ्या टोकाला. मला आता दुसरीच भीती घेरून राहिली होती. ही गेली तर गाव म्हणणार, नर्सबाईच्या तांबीनं मारली. पुन्हा एक बाई माझ्याकडं यायची नाही. आणि ही वाचली तरी उद्या हिला माहेरी घालवतील, मी सांगितलं म्हणून. दार उघडलं, तिथल्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मास्क खाली ओढून म्हणाल्या, "पोट रक्तानं भरलं होतं. एक नळी काढलीय. दुसरी चांगली आहे. वाचली." मला रडू फुटलं. सोजरबाईंनी नुसती मान हलवली.

टाके निघून चंद्रकला घरी आली. मी तिला बघायला जायला हवं होतं, पण त्या गल्लीकडं पाऊल वळेना. सासू काय बोलेल, गावापुढं काय तमाशा होईल, या धाकात मी उपकेंद्रातच बसून होते. आणि एका सकाळी सोजरबाईच दारात. मी खुर्चीतून उठले. मनात म्हटलं, आलं आता.

त्या माझ्या पायरीवर बसल्या. बोटानं पायरीवरची धूळ सारत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, ती तुमाला सांगती, मला न्हाई. मी काय तिला खाल्लं असतं?"

मी फटकळच. म्हटलं, "हाव मावशी. तिला तसंच वाटलं."

"मी गोठ्याच्या दारात दोन्ही येळेला भाकर ठिवत व्हते. इचारायची, काय गं, दुखतंय का? तर म्हणायची, न्हाई आत्याबाई, काहीच न्हाई." त्यांनी पायरीवर हात आपटला. "मी एका भिंतीच्या अल्याड व्हते. एक हाक मारली असती तर..."

मी जाऊन त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. त्यांनी अंग आकसलं नाही.

"मरणाला भेली न्हाई ती, बाई," सोजरबाई म्हणाल्या. "पोटात रगत सांडत व्हतं, अन् ती मला भेली." आणि तोंडात पदर कोंबून ती म्हातारी हमसून हमसून रडायला लागली.